वनदेवाच्या पाच नळ्या

पहिलं नाव हिराबाईंचं. त्यांनी आपल्या घराची दोन्ही दारं चौकटीतून उचलून आम्हाला तळ्यावर तरंगवायला दिली, आणि पुढे देवाशी वाद घालून माझी नोकरी वाचवली. दुसरं नाव दगडू ड्रायव्हरचं घ्यावं लागतं, कारण त्यानं वेळेवर तोंड मिटलं असतं तर देवाशी वाद घालायची पाळीच आली नसती. शुभदा मॅडमचं नाव तिसरं आलं म्हणून त्या रागावणार नाहीत. त्यांनीच मला सांगितलं, "तू पाहिलंस तसं लिही. मी लिहिते ते दहा लोक वाचतात आणि त्यातले नऊ चुका काढायला वाचतात."

मी भंडारा जिल्ह्यातला, तलावांच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली; तिनं मला सोडलं की मी तिला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मग बोअरिंगच्या गाडीवर लागलो. गाडी खेड्याखेड्यांतून भोकं पाडत पुणे जिल्ह्यात आली आणि तिथं मोडली. मालक पार्ट आणायला म्हणून गेला तो गेलाच. घरापासून इतक्या लांब मी मोडक्या गाडीची राखण करत बसलो असताना मॅडम भेटल्या. त्यांना जमिनीत पाइप सरळ घालणारा आणि न मोडता बाहेर काढणारा माणूस हवा होता. पाणी नको होतं, चिखल हवा होता.

"प्रयोगशाळेत मदतनीसाची एक जागा आहे," त्या म्हणाल्या. "चिखल धड पुण्याला पोचला तर तुझ्यासाठी शब्द टाकते."

मी तडक एसटीडी बूथ गाठला आणि आईला सांगून टाकलं की नोकरी लागली. चिखल तेव्हा अजून जमिनीत होता.

जुन्नर

दिवाळी नुकतीच सरली होती. दगडूच्या जीपमध्ये पाइप, कप्पी, दोर, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा आणि मी, असं सामान भरून आम्ही निघालो. दगडू आण्याचा, म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेच्या पठारावरचा. घरी शेती आहे, पण पठारावर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून हा गाडी चालवतो. त्याच्या लेखी आळेफाट्याच्या पलीकडचं सगळं जग म्हणजे नागपूर. भंडारा वेगळा जिल्हा आहे हे मी तीन वेळा सांगून पाहिलं.

"आरं पण रेल्वे नागपूरवरनंच जाती ना?" तो म्हणाला. विषय संपला. मी नागपूर झालो.

हा चिखल कशाला, हे मॅडमनी वाटेत सांगितलं. झाडं फुलली की त्यांचे परागकण वाऱ्यावर उडतात. काही तळ्यात पडतात, बुडतात, गाळात गाडले जातात. कुजत नाहीत, इतकं त्यांचं कवच चिवट. दरवर्षी गाळाचा एक पातळ पापुद्रा साचतो. म्हणजे जितकं खाली जाल तितकं जुनं. सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहिले की कळतं, त्या काळी डोंगरावर कुठली झाडं होती, पाऊस मायंदळ होता की गवतच उरलं होतं.

"म्हंजी झाडांची हजेरी," दगडू म्हणाला.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "फक्त मधलं एक पान फाटलं, किंवा उलटं लागलं, तर सगळी हजेरी खोटी."

हे मला उद्देशून होतं. प्रत्येक नळीचं वरचं टोक मी तांबड्या रंगानं रंगवायचं होतं. मी ते दोनदा रंगवायचो. माझा स्वभावच घाबरट. घरून निघालो की कुलूप ओढून पाहायला अर्ध्या वाटेतून परत जाणाऱ्यांतला मी.

जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरांत आम्ही दोन डबकी करून पाहिली. दोन्हीकडे हातभर गेलं की टण्ण. खाली काळा कातळ. मॅडम शांत होत्या. मी मात्र आईला दुसरा फोन कसा करायचा याची जुळवाजुळव करत होतो.

माझं तोंड पाहून दगडूनं गाडी उलटी पूर्वेला वळवली आणि निमगाव सावाला बहिणीच्या घरी जेवायला नेलं. हा शॉर्टकट आहे असं त्यानं मॅडमना सांगितलं. बहिणीनं ताटात रस्सा आणि मासवडी वाढली. मासे म्हटल्यावर आमच्या मुलखातला माणूस हळवा होतो. वडीचा आकार माशासारखा, वर रस्सा झणझणीत, नावातच मासा. मी बारीक घास घेऊन, काटा लागेल म्हणून जिभेनं चाचपत खाऊ लागलो. सगळं घर माझ्याकडं पाहत होतं. तिसऱ्या वडीला दगडूचा भाचा फुटला, मग दगडू, मग त्याची बहीण पदरात तोंड घालून.

"पावणं, बेसन हाय त्ये!" ती म्हणाली. "काटा घावला तर आमाला बी दावा."

मॅडमनाही हसू आवरेना. त्या आधीच ओळखून होत्या, पण बोलल्या नव्हत्या. शिकलेली माणसंसुद्धा अशा वेळी गप्प बसतात, हे मी तिथं शिकलो.

डिंभ्याच्या पलीकडे

मग आंबेगाव तालुक्यात शिरलो. घोडेगाव, डिंभ्याचं धरण, आणि पुढे रस्ता धरणाच्या पाण्याला वळसे घालत डोंगरात चढतो. गावाचं नाव मी सांगणार नाही. हिराबाईंनीच बजावलंय, "नाव फोडू नका, न्हाईतर उद्या जो तो पाइप घिऊन यील."

पूर्वेकडची माती भाजलेली, कांद्याच्या शेतांची. इथं पाऊल टाकलं की पाऊल ओलं. कातळावर शेवाळ, उतारावर कारवी, खाचरांत भात कापून पडलेला. भाताचा वास आला आणि मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. पण आमचा भात सपाटीला, बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर; इथला भात डोंगराला नखं रुतवून उभा. पेरणीआधी इथं जमिनीवर पालापाचोळा, फांद्या रचून जाळतात आणि त्या राखेत रोप टाकतात. त्याला राब म्हणतात. आमच्याकडे असं कुणी करू लागलं तर आधी फायर ब्रिगेड शोधतील.

गावाच्या वरच्या अंगाला राई. देवाची राई. दाट, अंधारी, मध्ये एक चिमुकलं तळं, काठावर शेंदूर लावलेला दगड म्हणजे वनदेव. या राईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. सरपणाला वाळकी फांदी नाही, दात कोरायला काटकी नाही. शेळीनं आत जाऊन पाला खाल्ला तर शेळीवाल्यानं नारळ द्यायचा.

आणि आम्ही तळ्याचा तळ न्यायला आलो होतो.

हिराबाईंची ओळख इथं झाली. पन्नाशीच्या, काटक, कमरेला कोयता, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघणाऱ्या. त्या वर्षी देवाच्या निवदाची पाळी त्यांच्या घराकडे होती, म्हणून पाहुणेही त्यांच्याच पडवीत. पहिल्याच जेवणाला तांदळाची भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. मी म्हटलं, "मावशी, उपकार झाले." पाणी दिलं, म्हटलं उपकार झाले. घोंगडी दिली, तेव्हाही तेच.

"ह्यो मानूस सारखं उपकार उपकार काय करतो?" त्यांनी दगडूला विचारलं. "पोटात काय दुखतंय का ह्याच्या?"

इथं कुणी आभार मानत नाही. दिलं तर घ्यायचं, नको असेल तर नको म्हणायचं. तोंडदेखलं काही नाही. ही गोष्ट मी लक्षात ठेवली. दगडूनं ठेवायला हवी होती.

कौल

राईचं काही करायचं तर कौल लावायचा. भगत होते हिराबाईंचे दीर, लखू. ते देवाच्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवत आणि प्रश्न विचारत. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही.

मॅडमना मनातून दहा नळ्या हव्या होत्या.

"धा नळ्या चिखल न्यू का, देवा?" डावी पडली.

"सात?" पुन्हा डावी. मॅडमचा चेहरा उतरला. दगडू माझ्या कानात कुजबुजला, "बैलबाजार हाय राव. पाचला तुटंल."

"पाच?" बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी हळूच सुटली आणि घरंगळत खाली आली.

"पाच नळ्या," लखू म्हणाले. "सहावी न्हाई. आन् तुमचं बघून झालं की उरली माती हितं आनून टाकायची. देवानं उसनी दिलीया."

मॅडमनी हात जोडून कबूल केलं. मीही जोडले, भीतीनं दोनदा.

तळ्यावर उभं राहायला तराफा हवा होता. फळ्या कुठून आणायच्या? राईतली काडी मोडायची नाही. हिराबाई तडक घरी गेल्या. त्यांची दारं बिजागरीची नव्हती, वर-खाली खाचेत बसवलेली. खालून उचललं की दार हातात. त्यांनी पुढचं काढलं, मग मागचं, आणि मला म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायला, उचला की."

"मावशी, घर उघडं राहील!"

"काय न्यायाचं हाय त्यात? कुत्रं आलं तर हाकलीन."

ट्यूबांवर दोन दारं बांधली, वर तीन बांबूंचं तिकाटणं, त्याला कप्पी. दगडूला पाण्यात उतरायची हौस आणि पोहता येत नाही, पठारावरचा माणूस. तो दाराच्या कडेला उभा राहिला आणि दार उलटलं. गळ्यापर्यंत पाण्यात तो ओरडत होता, "नागपूर! मेलो! मेलो!" तळं तिथं कमरेइतकं होतं, तो गुडघ्यांवर बसला होता. काठावरून हिराबाई म्हणाल्या, "हुबं ऱ्हा, मग मर."

चिखल लोण्यासारखा होता. आमच्याकडे तलावाचा गाळ उन्हाळ्यात बैलगाड्यांनी उपसून शेतात टाकतात. त्याला इतक्या नाजूकपणे कधी कुणी हात लावला नसेल. नळी ढकलायची, वरून रबराचं बूच घट्ट मारायचं म्हणजे आतली माती निसटत नाही, आणि कप्पीनं हळूहळू ओढायची. त्याच भोकातून एकाखाली एक, पाच नळ्या. पहिलीत मुळं आणि कोळशाचे कण. दुसरी, तिसरी हळूहळू गडद. पाचवी सगळ्यात खालची, म्हणजे सगळ्यात जुनी. काळीभोर, गुळगुळीत, मुळाचा धागा नाही. तिच्याखाली कातळ.

"ही बाहेर आली तेव्हा तुमचे खापरपणजोबाही नव्हते," मॅडम लखूंना म्हणाल्या. "म्हणजे साचली तेव्हा."

"आमच्या पूर्वजांनीच लावली ही राई," लखू म्हणाले.

"काईतरीच भावजी," हिराबाई म्हणाल्या. "राई आधी. तुमी मागनं सरपनाला आला असाल."

पाचही नळ्या टोकं कापडानं बांधून, ओल्या पोत्याखाली, पडवीत आडव्या ठेवल्या. मी त्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. पाचच होत्या.

चूल

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी घोडेगावला मेण आणायला गेलो, नळ्यांची तोंडं मेणानं बंद करायची होती. कपडे वाळत घालून दगडू पडवीत राखणीला बसला.

परत आलो तर दगडू पडवीत नव्हता. पोतं होतं. खाली हात घातला. एक, दोन, तीन, चार.

पाचवी नळी अंगणात उभी होती. रिकामी. धुऊन, लख्ख करून, उलटी वाळत घातलेली. शेजारी मुसळ. त्याच मुसळानं तिच्यातली माती ढकलून बाहेर काढली होती.

मी आत धावलो. दार नव्हतंच. हिराबाई चुलीपुढं उकिडव्या बसून तळहातानं शेवटचा हात फिरवत होत्या. चूल नव्या शिसपेन्सिलीसारखी काळी, तुकतुकीत दिसत होती.

"बघा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आशी माती जल्मात घावली न्हाई. एक भेग न्हाई जायाची."

मी तिथंच बसलो. पुणं गेलं, नोकरी गेली, आईनं एव्हाना वाटलेली साखरसुद्धा गेली.

उलगडा असा झाला. हिराबाई पोतं ओलं करायला आल्या. एका नळीचं फडकं सैल होऊन बोटभर माती बाहेर आलेली. त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "लई भारी माती हाय. चुलीला झ्याक." आता आण्याकडे, पाहुण्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमान म्हणतो, "घ्या की, तुमचंच हाय." मग पाहुणा म्हणतो, "न्हाई न्हाई." तीनदा असं होतं आणि वस्तू जागेवर राहते. दगडू सवयीनं म्हणाला, "घ्या की मावशी, तुमचंच हाय." आणि "न्हाई न्हाई" ऐकायची वाट न पाहता परसात जाऊन झोपला.

"मला वाटलं त्या न्हाई म्हन्तील!" दगडू काकुळतीला आला.

"का म्हनू न्हाई?" हिराबाई म्हणाल्या. "तुमी दिलं, मी घेतलं."

"पण पाचवीच का?" मी कळवळून विचारलं.

"बाकीच्यांत मुळं व्हती."

मॅडम चुलीपुढं वाकून उभ्या होत्या. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. मग त्यांनी बोट लावून चुलीचा कोपरा हलकेच चाचपला आणि म्हणाल्या, "काही हजार वर्षं एकत्र कालवली गेली." त्या हसत होत्या की नाही हे मला अजून नक्की सांगता येत नाही. "दुसरं भोक पाडावं लागेल. बंद तोंडाची नळी खालपर्यंत ढकलून, तिथं तोंड उघडून फक्त तळाची माती घ्यायची. जमेल तुला?"

"मला जमेल," मी म्हणालो. "पण देवाला?"

कारण ती सहावी होती.

लखूंनी ऐकताच हात झटकले. "कौल पाचाचा. पाच निघाल्या. राईतली माती राईबाहेर गेली, तिचं तुमी काय केलं त्याला देव काय करनार?"

मी खाली बघत उभा होतो. हिराबाईंनी पदराला हात पुसले.

"भावजी, किती नळ्या भाईर जानार व्हत्या?"

"पाच."

"हितं पडवीत किती हायेत?"

"चार."

"मग पाचवी कुठं हाय?"

"तुज्या चुलीवर! राईच्या भाईर!"

"बरं. उद्या देवाचा निवद कोन करनार?"

लखू सावध झाले. "पाळी तुजी हाय."

"कुटं शिजवनार?"

लखू डोकं खाजवू लागले.

"मपल्या चुलीवर शिजनार का न्हाई? मग ती चूल मपली का देवाची? देवाची माती देवाच्या चुलीला लागली, तर ती भाईर गेली कशी?" मग त्या देवाच्या दिशेला वळल्या आणि आवाज चढवून, जणू तो जरा बहिरा असावा तशा म्हणाल्या, "आन् त्याला पटत नसंल तर उद्या कच्चा तांदूळ खाऊ दे!"

लखूंनी मॅडमकडे पाहिलं, दगडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नकळत हात जोडलेले होते. "तुमाला सांगतो," ते म्हणाले, "हिच्या लग्नात मीच मधी पडलो व्हतो."

तरी कौल लावायलाच हवा होता. आम्ही सगळे राईत गेलो. लखूंनी पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले, घसा साफ केला. "देवा, चार नळ्या पडवीत, एक तुज्या चुलीव..."

उजवी पाकळी पडली. प्रश्न पुरता झालाही नव्हता.

"निवदाची काळजी त्याला बी आसंल की," दगडू पुटपुटला आणि हिराबाईंनी त्याच्या पाठीत एक हाणला. देवासमोर बोलायचं नसतं.

त्या दिवशी मी नळी घातली तेव्हा श्वाससुद्धा जपून घेतला. माती बाहेर आली: काळी, गुळगुळीत, मुळाचा धागा नाही. मेण लागेपर्यंत मी नळीला मिठी मारून बसलो. हिराबाई दुरून म्हणाल्या, "आता मागितली तर म्हनायचं न्हाई, शिका."

दुसऱ्या दिवशी नव्या चुलीवरचा निवदाचा भात, देवाचं झाल्यावर, आमच्याही पानात पडला. दगडूनं तीनदा मागून घेतला. पुण्यापर्यंत मी पाचवी नळी मांडीवर आडवी धरून आलो. तिचं एक टोक दगडूच्या कोपराला लागायचं. त्यानं एकदाही तक्रार केली नाही.

पुणे

मला ती जागा मिळाली. आता मी थंड खोलीत नळ्या सांभाळतो. लांबीनं चिरून अर्धी नळी तपासायची आणि अर्धी राखून ठेवायची, अशी इथली पद्धत आहे. मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं: काही कण फुटाण्यासारखे, काही काटेरी. पाचव्या नळीत त्यांना अशा झाडांचे कण दिसले, जी आज त्या राईत नाहीत. वरच्या नळीत राबाच्या कोळशाची पूड आहे, खाली नाही. म्हणजे राई आधी. दगडूनं हा निरोप लखूंना पोचवला. ते म्हणाले, "हिला सांगू नका." त्यानं हिराबाईंना लगेच सांगितलं.

तपासणी अजून चालू आहे. पण राखलेल्या पाचही नळ्यांवर, नंबर लिहायच्या जागेच्या खाली, मी तांबड्या रंगानं एक शब्द लिहून ठेवलाय: वनदेव. नवीन माणसं विचारतात, हे कुठलं खातं? मी सांगतो, मालकाचं नाव आहे. माल उसना आहे.

दगडू सांगतो, हिराबाईंचं पुढचं दार तळ्यात फुगलं ते अजून नीट बसत नाही. अर्धं लागतं, आणि कुत्रं खरंच आत येतं.

मावशी, चिखल तपासून झाला की मी येतोच. देवाचं देवाला देईन, आणि रंधा घेऊन दोन दिवस तुमच्या दाराशी बसेन, ते पहिल्यासारखं खाचेत बसेपर्यंत. आणि उपकार झाले असं म्हणणार नाही.